२जी बंद करण्याआधी बदनापूरकडे पाहा

मोबाइल नेटवर्कची नवी पिढी आली की जुनी आपोआप निकालात निघते, असा आपला समज आहे. महाराष्ट्रात घडले ते वेगळेच. मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दूरसंचाराचे एक सर्कल आहे. जालना जिल्ह्यातले बदनापूर त्यातच येते. या सर्कलमध्ये १९९७ साली बिर्ला आणि एटीअँडटी यांच्या कंपनीने मोबाइल सेवा सुरू केली. तीच पुढे ‘आयडिया’ म्हणून ओळखली गेली आणि २०१८ मध्ये व्होडाफोनशी तिचे विलीनीकरण झाले. या काळात २जीनंतर ३जी आणि ४जी आले. पण आधी निरोप मिळाला तो मधल्या पिढीला. एअरटेलने २०२० पर्यंत देशभरातले ३जी गुंडाळले आणि २जी चालू ठेवले.

याचे कारण वापरात सापडते. ३जीचा मुख्य उपयोग इंटरनेटसाठी होता. ते काम ४जी तेवढ्याच लहरींत कितीतरी वेगाने करू लागल्यावर ३जीसाठी जागा अडवून ठेवण्यात अर्थ उरला नाही. २जीचे काम मात्र मुख्यतः बोलणे आणि एसएमएस हे आहे. त्याची एक वाहिनी अवघ्या २०० किलोहर्ट्झची असते आणि तिच्यात वेळेचे आठ भाग पाडून अनेक संभाषणे चालतात. त्यावर बटणाचे साधे फोन चालतातच, शिवाय यंत्रेही चालतात. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्याचे ठळक उदाहरण: शेतकरी घरूनच फोन लावून विहिरीवरची मोटर चालू-बंद करतो. मोसंबी, कापूस आणि तुरीच्या बदनापूर तालुक्यात, कृषिपंपांची वीज रात्री येते तेव्हा, अशा मोबाइल स्टार्टरमुळे अंधारात शेतावर जाण्याची धोक्याची फेरी वाचते. अशा अनेक स्टार्टरमधले सिम आजही २जीवरच बोलते.

२जी चालू ठेवण्यावर तीन आक्षेप आहेत आणि तिन्ही खरे आहेत. लहरी मर्यादित आहेत आणि त्याच लहरींत ४जी अधिक माहिती वाहून नेते. २जीची सुरक्षा कच्ची आहे: फोन आपली ओळख टॉवरला पटवतो, पण टॉवर खरा की बनावट हे फोनला तपासता येत नाही. शिवाय लांबचा पल्ला ही २जीची मक्तेदारी नाही. पल्ला लहरींच्या वारंवारितेवर ठरतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर नवी पिढीही दूरवर पोहोचते, तर ३३०० मेगाहर्ट्झवरचे ५जी लवकर क्षीण होते. जिओने तर २०१६ मध्ये २जी न उभारता थेट ४जीवर सेवा सुरू केली आणि संभाषणही त्यावरच चालवले.

म्हणून २जी कायम ठेवा, असे माझे म्हणणे नाही; ते कोणत्या क्रमाने बंद व्हावे, हा खरा मुद्दा आहे. आधी प्रत्येक गावात, शिवारातसुद्धा, ४जीवरचे बोलणे २जीइतके खात्रीचे व्हावे. मग साधे फोन आणि स्टार्टर बदलायला पुरेशी मुदत आणि अनुदान मिळावे. तोवर २जीसाठी लहरींची अरुंद पट्टी राखली तरी भागते. नेटवर्कची प्रगती शहरातल्या वेगावर मोजणे सोपे आहे. पण ज्याच्याकडे एकच जुना फोन आहे, त्याचा संपर्क बदलाच्या काळात एक दिवसही तुटू नये, ही जबाबदारी कंपन्यांनी आणि सरकारने आधी मान्य केली पाहिजे.