शून्य अपघातांचा हिशेब

प्रीकास्ट काँक्रीटच्या अनेक कास्टिंग यार्डांच्या फाटकाशी एक फलक असतो. ‘अपघाताविना गेलेले दिवस’ असे वर लिहिलेले आणि खाली रोज सकाळी पुसून नव्याने मांडलेला आकडा. वर्षअखेरीस हाच आकडा एका अर्जात जातो आणि व्यवस्थापकाच्या खोलीत सन्मानचिन्ह होऊन परत येतो. दिवाळी अंकाच्या वाचकाला हा विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोचे गर्डर आणि पायाखालच्या गटाराची झाकणे अशाच यार्डांतून येतात, तेव्हा त्या आकड्यात काय मोजलेले असते हे एकदा पाहायला हरकत नाही.

प्रीकास्ट म्हणजे साच्यात आधी ओतून, घट्ट करून, मग जागेवर नेऊन बसवलेले काँक्रीट. उंचावरची पुष्कळ कामे त्यामुळे जमिनीवर येतात, हा त्याचा मोठा फायदा. धोका मात्र नाहीसा होत नाही, रूप बदलतो. काल संध्याकाळी ओतलेली भिंत आज सकाळी साच्यातून उचलतात. त्या वेळी काँक्रीटने आपल्या पूर्ण ताकदीचा काही अंशच कमावलेला असतो. शिवाय ते साच्याला चिकटून बसलेले असते, त्यामुळे हुकावर भिंतीच्या वजनापेक्षाही जास्त ताण येतो. कच्च्या काँक्रीटमधला उचलण्याचा अँकर अशा वेळी भोवतालचा शंकूसारखा तुकडा घेऊन उपटून येऊ शकतो. पूर्वताणित गर्डरमध्ये तर 12.7 मिलिमीटर जाडीच्या एकेका पोलादी दोराला तेरा-चौदा टनांचा ताण दिलेला असतो. पाचर सटकली तर तो दोर बाणासारखा सुटतो, म्हणून ताण देताना जॅकच्या मागे कोणी उभे राहायचे नसते.

अशा ठिकाणी वर्ष सुखरूप गेले तर त्याची दखल घ्यावी ही कल्पना चांगलीच आहे, आणि ती जुनीही आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार 1965 पासूनचे. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि तोच दिवस पुढे राष्ट्रीय सुरक्षा दिन ठरला. अमेरिकेत नॅशनल प्रीकास्ट काँक्रीट असोसिएशनसारख्या उद्योगसंघटना आपल्या सदस्य कारखान्यांना सुरक्षा पुरस्कार देतात. प्रश्न आहे तो मोजपट्टीचा.

मोजपट्टी दिसायला साधी आहे. अमेरिकेतली सरकारी यंत्रणा, जिला तिथे ‘ओशा’ म्हणतात, नोंदलेल्या दुखापतींना 2 लाखांनी गुणते आणि प्रत्यक्ष काम झालेल्या तासांनी भागते. हे 2 लाख म्हणजे 100 कामगार, आठवड्याला 40 तास, वर्षाचे 50 आठवडे. आपल्याकडे भारतीय मानक 3786 हेच गणित 10 लाख मनुष्यतासांवर करते. आता 40 माणसांचे एक यार्ड घ्या. वर्षाचे तास 80 हजार. एक दुखापत झाली, तर अमेरिकी पद्धतीने दर 2.5 येतो आणि भारतीय पद्धतीने 12.5. अपघात तोच, माणूस तोच. दोन देशांचे दर शेजारी ठेवून कोण किती सुरक्षित, असे ठरवणारे तक्ते अधूनमधून दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

खरी गोम पुढे आहे. या यार्डात सरासरी वर्षाला एक दुखापत होते असे धरा. अशी 100 यार्डे घेतली, तर त्यांपैकी सुमारे 37 यार्डांत एखादे वर्ष केवळ योगायोगाने कोरे जाईल. काहीही सुधारणा न करता. त्या 37 जणांना शून्याचे पारितोषिक दिले, तर आपण नशिबाला हार घातला. सलग तीन वर्षे कोरी जाण्याची शक्यता मात्र शेकडा 5 इतकी खाली येते. राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कारांच्या योजनेत तीन वर्षांच्या भारित सरासरीची अट घातली गेली, ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. त्याच योजनेत अपघातमुक्त वर्षासाठी वेगळा पुरस्कार ठेवला गेला, तो तितका नाही.

नशीब एक वेळ परवडले. शून्य टिकवण्यासाठी माणसे काय करतात, ते पाहावे लागते. ओशाच्या नियमांनुसार जखमेला टाके घातले तर ती नोंदवण्याजोगी दुखापत. त्याच जखमेच्या कडा चिकटपट्टीने जुळवल्या तर तो प्रथमोपचार, नोंद नाही. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने रेघ आखली ती 48 तासांवर. त्याहून कमी काळ कामाला मुकलेला माणूस कलम 88 च्या सूचनेत येतच नसे. म्हणजे प्लॅस्टरमधला हात घेऊन कोणी दुसऱ्या दिवशी यार्डात खुर्चीवर येऊन बसला, की आकडा वाचतो. साऱ्या पाळीला ‘शून्या’बद्दल बक्षीस लावले असेल, तर त्याला खुर्चीवर बसायला त्याचे सोबतीच सांगतात. मुकादमाने काही बोलायची गरजही उरत नाही. 2012 मध्ये ओशानेच एका पत्रकात म्हटले होते की, दुखापत न होण्यावर लावलेली बक्षिसे दुखापत लपवायला लावू शकतात.

कंत्राटी कामगाराचे तर विचारूच नका. अधिनियमाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही ‘कामगार’च होता. पण रोजंदारीवर आलेला, भाषा न कळणारा रिगर बोट चेचल्यावर गावी निघून गेला, तर त्याचे नाव कुठल्या वहीत शोधायचे?

वह्याही वेगवेगळ्या असतात. गर्डर यार्डात तयार होतो, पण तो बसवणारी टोळी आणि यंत्रे बहुधा दुसऱ्या कुणाची. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवण्याचे अवजड यंत्र कोसळून 20 जण मेले. अशी दुर्घटना बांधकामाच्या जागेच्या खात्यात पडते. काँक्रीट ओतणाऱ्या यार्डाच्या फाटकावरचा आकडा अशा सकाळीही एकाने पुढेच सरकू शकतो.

मृत्यूचाही दर ठरलेला आहे. तीव्रतेच्या हिशेबात एक मृत्यू म्हणजे 6000 वाया गेलेले दिवस. वर्षाला 300 कामाचे दिवस धरले, तर 20 वर्षे. पहिल्यांदा वाचताना हे निर्दय वाटते, पण निदान तिथे मृत्यूला रकाना आहे. धुळीला तोही नाही. मिक्सरच्या आत उतरून सुकलेले काँक्रीट छिन्नीने फोडणारा, पॅनेलच्या कडा ग्राइंडरने घासणारा माणूस जी धूळ ओढतो तिच्यात स्फटिक सिलिका असते. सिलिकोसिस सहसा दहा-वीस वर्षांनी उघड होतो. तोवर यार्डही गुंडाळलेले असते. ओशाने 2016 मध्ये या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅमवर आणली. धूळ मोजता येते आणि पाण्याच्या फवाऱ्याने कमीही करता येते. पण फवारा बसवला म्हणून फाटकावरचा आकडा बदलत नाही.

मग दखल कशाची घ्यावी? अमेरिकेत 1982 पासून चालू असलेल्या एका ऐच्छिक योजनेत दर्जा देण्याआधी निरीक्षक कारखान्यात येतात, कामगारांशी बोलतात, यंत्रे पाहतात. दरही बघतात, पण नुसता दर नाही. आपल्याकडेही दुसरी वाट होतीच. सुरक्षा पुरस्कारांच्या जोडीने 1965 पासूनच ‘श्रमवीर’ पुरस्कार दिले जात. पुढे त्यांचे नाव विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार झाले. ते कामगारांना मिळत, आणि तेही काय घडले नाही यासाठी नव्हे, तर उत्पादन, सुरक्षा किंवा आरोग्य सुधारणाऱ्या सूचनेसाठी.

यार्डात हे करणे फार अवघड नाही. प्रत्येक ओतकामाबरोबर काँक्रीटचे छोटे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरतात आणि सकाळी ते दाबून फोडतात. ठरलेली ताकद आली तरच क्रेनवाल्याने हुक लावायचा. क्यूब कमी भरला, बाहेर ट्रेलर उभा आहे, साहेबांचा फोन वाजतो आहे, तरीही क्रेनवाल्याने उचलायला नकार दिला, असे वर्षात किती वेळा झाले? त्या प्रत्येक वेळी त्याचा त्या दिवसाचा भत्ता कापला गेला की नाही? हे दोन रकाने पुरस्काराच्या अर्जात घातले, तर पहिल्या वर्षी बरेच अर्ज कोरे परत येतील. आणि त्या दोन रकान्यांत शून्य भरणाऱ्या यार्डाला तरी पारितोषिक देता येणार नाही.