तसं न्हाई इचारलं, ताई!

शनिवार, सकाळचे साडेनऊ. एरवी या वेळी मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये डाराडूर झोपलेली असते. त्या शनिवारी मात्र अंबाजोगाईजवळच्या एका हायस्कुलात, पत्र्याच्या शेडमध्ये, दीडेकशे मुलांसमोर हातात माईक धरून उभी होते. आणि पोटात हाऽऽ गोळा!

झालं असं, की माझी शाळेतली मैत्रीण आता तिथं शिक्षिका आहे. तिचा फोन आला. ‘अगं, पुण्याहून दोन शास्त्रज्ञ येतायत. सर केरळचे आणि मॅडम इटलीच्या. मराठी दोघांनाही येत नाही. पोरांना तेवढं मराठीत सांगशील?’ रोज क्लायंटशी इंग्रजीत बोलणारी मी! म्हटलं, त्यात काय एवढं?

खरं सांगू? मला माझी आठवी आठवली. आमच्याही शाळेत एकदा एक शास्त्रज्ञ आले होते. तासभर इंग्रजीत बोलले. सरांनी टाळ्या वाजवल्या की आम्ही वाजवायचो. मनात एक प्रश्न होता, तो तसाच राहिला.

विषय होता गुरुत्वीय लहरी. निमित्तही घरचंच. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्यातून निघालेली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी टिपली. चार किलोमीटर लांब नळी आणि तिच्या लांबीतला फरक किती? प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी!

मी आपली धडाधड सांगत सुटले. ‘अवकाश-काळाची वक्रता’, ‘प्रकाशीय व्यतिकरण’... सगळं आदल्या रात्री पाठ केलेलं. ‘समजलं का?’ ‘होऽऽऽ!’ एका सुरात. हा ‘हो’ मला चांगला ओळखीचा होता. आठवीत मीही असाच म्हटला होता.

सरांनाही तो कळला असावा. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि एक चादर मागवली. आठ मुलांनी ती चारी बाजूंनी ताणून धरली. मध्ये गोळाफेकीचा गोळा ठेवला, मग गोट्या सोडल्या. ‘खड्ड्याकडंच चालल्यात की!’ मागून कुणीतरी ओरडलं आणि शेडभर गलका झाला. आता उलटं सुरू झालं. मुलं बोलत होती आणि मी त्यांचं इंग्रजी करत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी उभी राहिली. काहीतरी पुटपुटली. मला निम्मंच ऐकू आलं. मी सांगून मोकळी झाले, ‘इतका लहान फरक मोजता कसा, असं विचारतेय.’ सरांनी ठरलेलं उत्तर दिलं. टाळ्या. एक शिक्षक म्हणाले, ‘बस आता खाली.’ ती बसली नाही.

‘तसं न्हाई इचारलं, ताई.’

शेड शांत. मी माईक घेऊन तिच्याजवळ गेले. ‘लहरीनं नळी ताणली, तर आतला उजेड बी ताणंलच की. मंग मोजायचं कशानं?’

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितला. इटलीच्या मॅडम चक्क उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हा प्रश्न आमच्याकडं पीएचडीच्या मुलांना पडतो! मग दोघांनी मिळून उत्तर दिलं आणि मी ते माझ्या गावच्या बोलीत आणलं. दोन धावपटू एकाच वेळी, एकाच वेगानं, दोन वाटांनी निघाले. एक वाट ताणली, दुसरी आखडली. परत येताना एक जण उशिरा पोचणार! आपण उजेडाची पट्टी करत नाही, तो किती उशिरा आला ते बघतो. आणि नळीत नवा उजेड सारखा येतच असतो. ती मुलगी क्षणभर थांबली, मान डोलावली, मग बसली.

नंतर मैत्रिणीनं सांगितलं, तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर ही आजीकडं राहून शाळा करते. म्हणजे हा प्रश्न माझ्या घाईत जवळजवळ हरवलाच होता. पुन्हा असे पाहुणे कधी येणार, कुणास ठाऊक!

याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. संस्कृतातला वेदान्त त्यांनी ‘विवेकसिंधु’मधून मराठीत आणला. परंपरेनं त्या ग्रंथाचं साल ११८८ मानतात. म्हणजे गावात हा उद्योग आठशे वर्षं जुना! आणि पुण्यातल्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले. ते मुलांना म्हणायचे, सही मागू नका, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, मी उत्तर देईन.

तेव्हा मंडळी, तुमचंही एखादं गाव असेलच ना? तिथली बोली तुम्हाला येते आणि क्लायंटमुळं इंग्रजीही. एक शनिवार काढा. फक्त एक करा, प्रश्न दोनदा ऐका.

मी येताना त्या मुलीला दहा पोस्टकार्डं देऊन आले. पत्ता माझाच घातलाय. पहिलं आलंसुद्धा. उत्तर शोधतेय!