बेसची तार : गोल की सपाट?

आपल्या वस्त्यांतल्या गायनपार्ट्यांत ढोलकी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी आता बेस गिटारही दिसते. चार जाड तारांचे हे वाद्य. एखादा तरुण मुंबईहून सेकंडहँड घेऊन गावी येतो, महिना-दोन महिने हौसेने वाजवतो आणि मग तक्रार सुरू होते : "आवाज बसला." हर्णेसारख्या समुद्रकाठच्या गावात ही तक्रार जरा लवकरच ऐकू येते. वडील म्हणतात, पैसे पाण्यात गेले. मुलगा म्हणतो, गिटारच खराब आहे, दुसरी घेऊ. बहुतेक वेळा दोघांचेही चुकते. गिटार ठणठणीत असते, तार मेलेली असते. म्हणून तारेविषयी चार गोष्टी घरातल्या सर्वांनी समजून घ्याव्यात. ज्यांच्या पगारातून पैसे जायचे आहेत त्यांनी तर जरूरच.

जलशातले तुणतुणे सर्वांनी पाहिले आहे. एकच साधी पोलादी तार, तिच्यावर सूरही आणि ठेकाही. बेस गिटारचे कामही तेच, फक्त फार खालच्या सुरात. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. इतका खर्ज काढायचा तर तार लांब हवी, सैल हवी किंवा वजनदार हवी. लांबी साधारण ३४ इंच, त्याहून फार वाढवली तर हात पुरत नाही. सैल सोडली तर ती लोंबते. उरते वजन. पण नुसती जाड सळई ताणली तर ती तारेसारखी वागत नाही, तिचे वरचे सूर बेसूर होतात. म्हणून आत एक बारीक पोलादी तार ठेवतात आणि तिच्यावर दुसरी तार गच्च गुंडाळतात. वजन वाढते आणि लवचिकपणाही राहतो.

ही वरची गुंडाळी कशी, यावर सगळा फरक पडतो. गोल तार गुंडाळली की राऊंडवाऊंड. बोट फिरवले तर स्क्रूच्या आट्यांसारखे खरखरीत लागते. आवाज खणखणीत, वरचे उपसूर भरपूर. सपाट फीत गुंडाळली की फ्लॅटवाऊंड. हाताला गुळगुळीत, आवाज गोल, जाड आणि लवकर विरणारा. सतारीची खुली जवारी आणि बंद जवारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. व्हायोलिनच्या गुंडाळलेल्या तारा बहुधा सपाट फितीच्याच असतात, कारण गजाला खरखर चालत नाही.

अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा सपाट तारांचाच जमाना होता. १९६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'द हू' या वाद्यवृंदाचा जॉन एंटविसल रोटोसाऊंड कंपनीकडे गेला आणि त्याच्या आग्रहावरून बेससाठी गोल गुंडाळीच्या तारा सुधारून निघाल्या. त्याला पियानोसारखा झणझणीत आवाज हवा होता. पुढे जग त्याच वाटेने गेले. आज दुकानात नुसते "बेसचा सेट द्या" म्हटले तर बहुधा गोल तारच हातात पडते.

सपाट तारेचा सर्वांत मोठा वादक मात्र जेम्स जेमर्सन. १९३६ साली साऊथ कॅरोलिनात जन्मलेला हा कृष्णवर्णीय कलावंत १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला आणि मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा पाया त्याने रचला. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने, ला बेला कंपनीच्या जाड सपाट तारांवर, आणि त्या तारा तो सहसा बदलतच नसे. जुन्या तारेतच सूर मुरलेला असतो, असे त्याचे मत. गाणी जगभर गाजली, पण १९७१ पर्यंत रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव छापलेले नव्हते. आपल्याकडे तरी काय वेगळे? राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ किती श्रोत्यांना ठाऊक आहेत? भीमगीतांच्या कॅसेटवर गायकाचा फोटो असे, ढोलकीवाल्याचे नाव शोधावे लागे.

असो. आता हर्णेकडे येऊ. सुवर्णदुर्गावरून येणारा वारा मीठ घेऊनच येतो, बंदरावरच्या होड्यांचे लोखंड पाहा म्हणजे पटेल. गोल तारेच्या आट्यांमधल्या खाचांत घाम, तेल आणि हे मीठ जाऊन बसते. तार जड होते, उपसूर मरतात, मग गंज चढतो. सपाट तारेला खाचा जवळजवळ नसतात, त्यामुळे ती वर्षानुवर्षे चालते. गंज तिलाही चढतो, पण स्टेनलेस स्टीलची घेतली तर कमी. शिवाय गोल तार गळ्यावरचे धातूचे पडदे लवकर झिजवते, आणि पडदे बदलायचा खर्च तारेपेक्षा बराच जास्त.

आमच्यासारख्या कारकुनाला आधी हिशेब दिसतो. सपाट सेट पुष्कळदा दीड-दोनपट महाग पडतो. पण गोल सेट वर्षात दोनदा बदलावा लागला आणि सपाट तीन वर्षे टिकला, तर स्वस्त कोणता हे सांगायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

तरीही सपाट तार डोळे झाकून घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. आपले कार्यक्रम पुष्कळदा भोंग्यावर होतात आणि भोंगा सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या खालचे फारसे बाहेर काढत नाही. ४१ चा सूर त्यातून येणार कोठून? पण कान हुशार असतो. जुन्या टेलिफोनवर वडिलांच्या आवाजातला खालचा सूर पोचतच नसे, तरी आपण आवाज ओळखत होतो, कारण वरच्या उपसुरांवरून कान खालचा सूर जुळवून घेतो. गोल तारेत हे उपसूर भरपूर, म्हणून भोंग्यावर ती थोडीफार तरी ऐकू येते. सपाट तार तिथे गडप होते. मोठे बेसचे बॉक्स असतील तर गोष्ट उलट. सपाट तार ढोलकीच्या धुमेशी मिळून जाते आणि गायकाच्या शब्दांना जागा सोडते. वामनदादा कर्डकांचे गाणे लोक शब्दांसाठी ऐकायला बसत. शब्द झाकणारी साथ कितीही झगमगीत असली तरी आम्हाला नको वाटते. बॉक्स असलेल्या पार्टीने सपाट तार घ्यावी, हे आमचे मत.

गोल तारच असेल तर वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने खालून-वरून पुसावी आणि गिटार पिशवीत ठेवावी, खिडकीशी टांगू नये. बसलेली तार काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवली तर मळ सुटतो. मग ती पूर्ण सुकवून चढवावी. काही दिवस आवाज उघडतो, नंतर पुन्हा बसतो. नवीन सेटला पैसे जमेपर्यंत एवढे पुरते.

सपाट तारांचा ताण बहुधा जास्त असतो. त्याने गळा थोडा वाकला तर आतल्या सळईचा स्क्रू जाणकाराकडूनच फिरवून घ्यावा. आणि सेट घेण्याआधी आपल्या गिटारची लांबी मोजून न्यावी. ३० इंचांची लहान बेसही बाजारात असते. तिला लांब सेट चढवला तर तारेचा जाड सपाट भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तिथेच मोडतो.