खजिना रिकामा असलेला मुख्यमंत्री

३ डिसेंबर १९७१. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात आठवीच्या वर्गावर इतिहासाचा तास चालू होता. वर्गात एक टेलिटाइप आणून ठेवलं होतं: फोनच्या तारेने दूरच्या संगणकाशी जोडलेलं, कागदाच्या गुंडाळीवर खडखडत अक्षरं उमटवणारं यंत्र. त्याला पडदा नव्हता, त्यामुळे चित्रांचा प्रश्नच नव्हता. तरी मुलं त्याच्याभोवती दाटी करून उभी होती. एकोणिसाव्या शतकात मिसुरी राज्यातून ओरेगॉनकडे निघालेलं एक कुटुंब त्यांच्या हवाली केलं होतं. बैल जुंपलेला गाडा, मोजके पैसे आणि पुढचा हजारो मैलांचा रस्ता. ते कुटुंब पोहोचणार की वाटेतच संपणार, हे मुलांनी ठरवायचं होतं.

खेळ रचणारा डॉन रॉविच हा प्रशिक्षणार्थी शिक्षक होता. त्याने आधी तो कागदावर नकाशा काढून, फाशांनी खेळायचा म्हणून बेतला होता. त्याच्यासोबत राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर गणिताचं अध्यापन शिकत होते आणि त्यांना बेसिक ही संगणकभाषा येत होती. फाशांचं काम संगणकाला देता येईल, हे त्यांनी सुचवलं आणि तिघांनी मिळून ‘द ओरेगॉन ट्रेल’ लिहून काढला. शिकारीसाठी ‘बँग’ हा शब्द जितक्या चटकन टंकित कराल तितका नेम अचूक. मग वर्गातल्या गटांनी आपसांतच कामं वाटून घेतली. एकाने नकाशा धरला, एकाने हिशेब सांभाळला आणि ज्याची बोटं वेगवान तो शिकारी झाला. या वाटण्या शिक्षकाने करून दिल्या नव्हत्या. त्या परिस्थितीनेच करायला लावल्या.

सत्र संपल्यावर रॉविचने आज्ञावली कागदावर छापून घेतली आणि संगणकावरून काढून टाकली. पुढे १९७४ मध्ये तो ‘मेक’ या मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणनसंस्थेत रुजू झाला, तेव्हा तोच कागद समोर ठेवून त्याने ती पुन्हा उतरवली. मात्र या वेळी तिच्यात एक सुधारणा केली. त्या वाटेने गेलेल्या लोकांच्या रोजनिशा वाचून पाऊस, आजार, गाडा मोडणं अशा संकटांचं प्रमाण त्याने नव्याने ठरवलं. म्हणजे मुलांवर कोसळणारी आपत्ती आता नुसता नशिबाचा खेळ राहिली नाही. तिच्यामागे दस्तऐवज आला. १९७८ मध्ये छापून आलेल्या आवृत्तीत खेळाडूच्या हाती गाडा घेऊन उरलेले ७०० डॉलर असतात आणि पुढे २,०४० मैल. बैलांवर जास्त खर्च केला तर अन्नाला कमी पडतात. कपड्यांत काटकसर केली तर डोंगरातली थंडी भोवते.

आत्मवृत्तांची परंपरा

मुलांना दुसऱ्याच्या जागी उभं करून लिहायला लावणं मराठी शाळेला अजिबात नवं नाही. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हे विषय आजोबांनी लिहिले आणि नातवंडंही लिहितात. दहावीच्या मराठीत बातमी आणि जाहिरात लिहायची असते, तीही एका अर्थी भूमिकाच. तरी या निबंधांतून मुलाच्या हाती फारसं नवं काही लागत नाही. कारण निबंधातल्या मुख्यमंत्र्याचा खजिना कधी रिकामा होत नाही. तो एकाच परिच्छेदात रस्ते बांधतो, भ्रष्टाचार संपवतो आणि सर्वांना मोफत शिक्षण देतो. त्याला कुणी विरोधक अडवत नाही, कुठली फाइल परत येत नाही.

ओरेगॉनच्या वाटेवरच्या कुटुंबात आणि या मुख्यमंत्र्यात फरक आहे तो एवढाच, आणि भूमिकेवर आधारलेल्या गृहपाठाचं सगळं यश त्यावर अवलंबून असतं. भूमिका मुलाला नुसता आवाज देते की निर्णय घ्यायला भाग पाडते? निर्णय घ्यायचा तर साधनं मर्यादित हवीत, माहिती अपुरी हवी आणि निवडीचे परिणाम भोगावे लागायला हवेत. तंत्रज्ञानाची गरज लागते ती या तीन गोष्टी निभावण्यासाठी.

ब्रिटनमधल्या डोरोथी हेथकोट यांनी हे संगणकाशिवाय करून दाखवलं होतं. १९२६ साली जन्मलेल्या हेथकोट चौदाव्या वर्षी यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या आणि पुढे न्यूकॅसल विद्यापीठात नाट्यशिक्षणाच्या अध्यापिका झाल्या. त्यांच्या ‘मँटल ऑफ द एक्स्पर्ट’ पद्धतीत वर्ग म्हणजे एखादी संस्था असते. मुलं संग्रहालय चालवतात किंवा आपत्तीत मदत करणारं पथक होतात. कुणी काल्पनिक ग्राहक त्यांच्याकडे काम सोपवतो आणि ते पुरं करताना गणित, भाषा, भूगोल लागेल तसा शिकावा लागतो. शिक्षकसुद्धा सहकाऱ्याच्या भूमिकेत शिरतो. उत्तरं जाणणारा माणूस वर्गात उरला नाही की मुलांनाच ती शोधणं भाग पडतं.

इंटरनेट आलं, प्रश्न बदलला

१९९५ च्या फेब्रुवारीत सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक बर्नी डॉज यांनी ‘वेबक्वेस्ट’ नावाचा आराखडा मांडला. टॉम मार्च हे त्यांचे साथीदार. तेव्हा गूगल जन्माला यायचं होतं आणि शाळांमध्ये इंटरनेट नुकतं कुठे पोहोचत होतं. मुलांना त्यावर मोकळं सोडलं तर सगळा तास शोधण्यात जातो, म्हणून वेबक्वेस्टमध्ये शिक्षक आधीच निवडक पानं काढून ठेवतो. प्रस्तावना, काम, कृतीचे टप्पे, साधनं, मूल्यमापन आणि समारोप असे त्याचे भाग. गटातल्या प्रत्येकाला वेगळी भूमिका मिळते आणि तिच्यानुसार वाचायचा मजकूरही वेगळा. धरण बांधावं का, या प्रश्नावर अभियंत्याने वाचलेली पानं विस्थापित शेतकऱ्याने वाचलेली नसतात. एकत्र बसल्यावर दोघांनाही एकमेकांची गरज भासते.

आपल्याकडच्या प्रकल्पवहीची गफलत इथे लक्षात येते. तिथे चाळीस मुलं एकच विषय, एकाच संकेतस्थळावरून, एकाच रंगाच्या चार्टपेपरवर उतरवतात. सगळ्यांना सगळं सारखंच माहीत असल्यामुळे कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधले इतिहासकार मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात सुरू केलेल्या ‘रिॲक्टिंग टू द पास्ट’ या खेळमालिकेने वेबक्वेस्टमधला माहितीचा असमतोल फार पुढे नेला. तिच्यातला एक खेळ भारतीय वाचकाने आवर्जून पाहावा असा आहे. भारताचे अभ्यासक एन्स्ली एम्ब्री यांच्यासह कार्न्स यांनी रचलेल्या ‘डिफायनिंग अ नेशन’मध्ये १९४५ सालच्या सिमल्यात वाटाघाटी चालू आहेत. अमेरिकन विद्यार्थी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि इतर पक्षांच्या बाजूने बसतात. प्रत्येकाला आपापलं उद्दिष्ट लिहिलेला कागद मिळतो आणि ते उद्दिष्ट इतरांना ठाऊक नसतं. खेळ काही आठवडे चालतो, अध्यक्षस्थानी विद्यार्थीच असतात आणि प्राध्यापक मागच्या बाकावरून चिठ्ठ्या पाठवतो. शेवट ठरलेला नसतो. एखाद्या वर्गात फाळणी टळूही शकते. म्हणूनच अखेरची तासिका भूमिका उतरवून ठेवण्यासाठी राखलेली असते. प्रत्यक्षात काय घडलं, आपल्या खेळात ते का घडलं नाही आणि आपण काय नजरेआड केलं, यावर तिथे चर्चा होते.

याउलट आपल्या युवा संसदेचं बऱ्याचदा काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून सुरू केलेली ही योजना पुढे देशभर पसरली आणि २६ नोव्हेंबर २०१९ रोजी तिचं संकेतस्थळही आलं. कल्पना उत्तम. पण स्पर्धा जिंकायची म्हणून शिक्षक प्रश्नोत्तरांची संहिता लिहून देतात, मुलं ती पाठ करतात आणि विरोधी पक्षनेत्याला सभात्याग कोणत्या वाक्यावर करायचा हे आठवडाभर आधीच ठाऊक असतं. सभागृह तेच, पण मतदानाचा निकाल आधीच लागलेला.

जिथे भूमिका उलटते

‘मेक’नेच १९९२च्या सुमारास ‘फ्रीडम!’ हा खेळ आणला. त्यात मूल अमेरिकेच्या दक्षिणेतून पळ काढणाऱ्या गुलामाच्या भूमिकेत असे. हेतू चांगला होता, रचनाही ओरेगॉनच्या वाटेसारखीच होती. पण गुलामांच्या तोंडी घातलेली बोली आणि वर्गात उडणारी टर यामुळे कृष्णवर्णीय मुलांवर जुना अपमान नव्याने लादला जातोय, अशा तक्रारी पालकांनी केल्या. अखेर खेळ मागे घ्यावा लागला. गाडा मोडण्याचा खेळ करता येतो. एखाद्या समाजाने पिढ्यान्पिढ्या भोगलेल्या छळाचा करायचा तर तो कोणत्या वर्गात, कुणाच्या सोबत आणि किती तयारीने, याचा विचार आधी हवा. जातीच्या किंवा दंगलीच्या विषयावर ‘तू अमुक हो’ असं एखाद्या मुलाला सांगण्याआधी आपल्याकडच्या शिक्षकाने हे प्रकरण माहीत करून घ्यावं. अशा ठिकाणी पीडिताच्या जागी मूल उभं करण्याऐवजी त्याला वार्ताहर, वकील किंवा चौकशी आयोगाचा सदस्य करता येतं.

खुद्द ‘ओरेगॉन ट्रेल’वरही आक्षेप आलेच. गाड्यातून दिसणारी जमीन मोकळी वाटे. तिथे आधीपासून राहणारे लोक फक्त वाटेत भेटणारी पात्रं होती. २०१९ मध्ये आलेल्या ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’ने बाजू पालटली. यात खेळाडू १८९०च्या दशकातला अनिशिनाबे आदिवासी असतो आणि आपल्या भूमीवरून हुसकावला जाऊन मिनेसोटातून कॅलिफोर्नियाकडे निघतो. एकाच वर्गाने हे दोन्ही खेळ लागोपाठ खेळले, तर इतिहास कुणाच्या बाजूने लिहिला जातो हे मुलांना फळ्यावर लिहून सांगावं लागणार नाही.

खरा वाचक, खरी जोखीम

तंत्रज्ञानाने वर्गाला दिलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकाखेरीजचा वाचक. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले २०२०च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’मुळे सर्वांना माहीत झाले ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी, पण परस्परांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन जोडून देणारा त्यांचा उपक्रम या संदर्भात अधिक लक्षणीय आहे. पलीकडच्या पडद्यावर खरंच दुसऱ्या देशातलं मूल असेल, तर ‘आपल्या देशाचा प्रतिनिधी’ ही भूमिका लुटुपुटीची राहत नाही.

पण खऱ्या वाचकाची जोखीमही खरी असते. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियाचे संपादक बनवण्याचा प्रयोग केला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लेख लिहायचे होते. थोड्याच दिवसांत पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला मजकूर ढिगाने चढू लागला, तो निस्तरताना स्वयंसेवक मेटाकुटीला आले आणि प्रयोग त्याच वर्षी गुंडाळला गेला. विद्यार्थ्यांना संपादकाचं पद मिळालं. मजकूर पारखणं, स्वतःच्या शब्दांत मांडणं, संदर्भ देणं या संपादकाच्या सवयी मात्र आधी कुणी लावल्या नव्हत्या. लहानपणापासून ‘छान उतरवून आण’ ऐकलेल्या मुलांनी उतरवून आणलं.

वय लहान असेल तर भूमिका आटोपशीर असावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट्स आणि एमआयटीसह २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात भूमितीसाठी ‘पोलिस क्वाड’ हा खेळ होता. चौकोनांचे निरनिराळे प्रकार संशयित आणि मुलं पोलिस. बाजू समान आहेत का, कोन काटकोन आहेत का, असे प्रश्न विचारत गुन्हेगार गाठायचा. समभुज चौकोनाची व्याख्या पाठ असणं इथे पुरत नाही. कोणता प्रश्न विचारला की जास्तीत जास्त संशयित सुटतात, हे कळावं लागतं. या उपक्रमाला २०१७ चा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

एका गावाचा पाण्याचा ताळेबंद

हे सगळं महाराष्ट्रातल्या नववीच्या वर्गात कसं उतरवता येईल? विषय आयता आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, असा गावाचा निर्बंध आहे. समजा वर्गातलं गाव १,००० हेक्टरचं आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे आभाळातून पडलं ४० लाख घनमीटर, अर्थात ४०० कोटी लिटर पाणी. ऐकायला अफाट. मग त्यातून वाहून गेलेलं, वाफ झालेलं, मातीने धरलेलं वजा करत जायचं.

इथे भूमिका वाटायच्या: सरपंच, उसाचा बेत असलेला शेतकरी, दुधाचा धंदा करणारी बाई, भूमिहीन मजूर, भूजल विभागाचा अधिकारी. प्रत्येकाच्या कागदावर इतरांना न दिसणारी एक नड लिहिलेली: कुणावर कर्ज आहे, कुणाच्या विहिरीने डिसेंबरातच तळ गाठला आहे. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात, ते अधिकाऱ्याने आणायचे. एका मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये पिकाचं क्षेत्र बदललं की शिल्लक पाणी लगेच बदलतं. ओरेगॉनच्या खेळात ७०० डॉलर करत होते ते काम इथे हा एक रकाना करतो. चाळीस टॅब लागत नाहीत. उलट एकच पडदा असला की सगळ्यांना त्याच्याभोवती भांडावं लागतं.

गुण भाषणाला देऊ नयेत. सरपंचाचं भाषण आता एआय काही सेकंदांत लिहून देतं आणि ते निबंधातल्या मुख्यमंत्र्याइतकंच गुळगुळीत असतं. ऐतिहासिक व्यक्ती बनून गप्पा मारणारे चॅटबॉटही आले आहेत. ते त्या व्यक्तीच्या तोंडी तिने कधी न उच्चारलेली वाक्यं बेधडक घालतात. पुस्तकं आणि पत्रव्यवहार चाळून त्यांच्या चुका पकडणं, हा मात्र दहावीसाठी चांगला गृहपाठ होऊ शकतो. ग्रामसभेच्या खेळात तपासायचं ते निराळंच: आकडा कुठून आणला, समोरच्याच्या प्रश्नावर उत्तर काय दिलं, नवी माहिती कळल्यावर भूमिका बदलली का, आणि बदलली नसेल तर का नाही. शेवटी प्रत्येकाने भूमिकेबाहेर येऊन स्वतःच्या नावाने अर्धं पान लिहायचं.

अडचण येते ती वेळेची. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत ग्रामसभा स्थिरस्थावर होईपर्यंत घंटा वाजते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी अनेक शाळा वेळापत्रकात जोडतासिका ठेवतात. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनी जूनमध्ये वेळापत्रक तयार होत असतानाच महिन्याला अशी एक मागून घ्यावी.