गुंठ्यागुंठ्याने गेलेले गाव : धायरी

पुण्याहून सिंहगडाकडे जाऊ लागले म्हणजे डाव्या हातास धायरीचा फाटा लागतो. तेथून आत हवेली तालुक्यातील धायरी हे गाव आहे, किंवा होते. या दोहोंपैकी कोणते क्रियापद योजावे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. शासकीय दप्तराप्रमाणे पाहू गेल्यास ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावांची अधिसूचना निघाली, तीत धायरीचे नाव होते, आणि त्या दिवसापासून तेथील ग्रामपंचायत संपुष्टात येऊन गाव पुणे महानगरपालिकेत गेले. परंतु ज्याने महसूल खात्यात उभी हयात नोंदी करण्यात घालविली, त्यास ही तारीख फारशी महत्त्वाची वाटत नाही. गाव अधिसूचनेने जात नाही. अधिसूचना येते तेव्हा ते बहुतांशी गेलेलेच असते.

धायरीत आज कोणी नवखा मनुष्य पत्ता विचारील तर त्यास रायकर मळा, गारमळा, चव्हाण बाग, बेनकर वस्ती अशी नावे ऐकावयास मिळतील. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पण त्या नावाच्या पाटीखाली आता सात सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि तेथे राहणाऱ्यास मोट, थारोळे, पाट हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. धारेश्वराचे देऊळ मात्र जागेवर आहे, व महाशिवरात्रीस लोक अजून तेथे जातात.

हे सर्व कसे घडले, ते गुंठा या मापावरून उत्तम समजते. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे सोळा आणे असत. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड साहेबांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात जी पाहणी व जमाबंदी चालू केली, तिच्या परंपरेतूनच आपले सर्व्हे नंबर आले. गुंठा हे माप सारा ठरविण्यासाठी होते. एका गुंठ्यात कोणी शेती करील, ही कल्पनाही मोजणीदारांच्या मनात नसेल. शहर जवळ येताच त्याच मापात घर बसू लागले, आणि शेतकऱ्याचा हिशेब बदलला : एकराचा भाव मागे पडून गुंठ्याचा भाव तोंडी आला.

कायदा नव्हता असे नाही. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९४७ पासून आहे. परंतु दहा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यावे, सातबाऱ्यावर दहाही नावे सामाईक चढवावी, आणि जागेवर मात्र दोरी लावून प्रत्येकाने आपला गुंठा वेगळा करावा, ही युक्ती पुण्याभोवतालच्या गावांत सर्वश्रुत आहे. दोन एकरांच्या एका गटावर चाळिसांहून अधिक नावे मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यांतील काही फेरफार माझ्याच हातचे आहेत. कागद बिनचूक होता म्हणून मी लिहिला. पुढे २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, आणि नागरी भागातील जुने तुकडे नियमित करण्याकडे २०२५ सालीही शासनाने पाऊल टाकले. घर बांधून बसलेल्या गरिबास त्याने दिलासा मिळतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण नोंद नियमित झाली म्हणून गल्लीची रुंदी वाढत नाही. बैलगाडी जाईल एवढ्या पाणंदीवर शेकडो बिऱ्हाडे वसली की अग्निशामक बंब आत शिरत नाही, आणि ओढा बुजवून त्यावर घर बांधले तरी पावसाचे पाणी आपली जुनी वाट सोडीत नाही.

पुणे हे गावे पोटात घेतच वाढलेले शहर आहे. भांबुर्डे शिवाजीनगर झाले. नगर भूमापनाच्या दप्तरात मात्र ते आजही भांबुर्डेच आहे. महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. १९९७ साली ३८ गावे घेण्याचे ठरले, त्यांतील काही पुढे सबंध तर काही अंशतः वगळली गेली. २०१७ साली धायरीसह अकरा आणि २०२१ साली नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे इत्यादी २३ गावे आली, व शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांपुढे गेले. उलट दिशेचेही उदाहरण आहे : धायरीबरोबरच आत गेलेली फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे २०२४ साली बाहेर काढून त्यांची निराळी नगरपरिषद करण्यात आली. कर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, ही तेथील लोकांची तक्रार होती.

ती तक्रार पोकळ नव्हती, हे जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्याने पाहिले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस नामक मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काही दगावले, आणि संशय दूषित पाण्यावर गेला. खडकवासल्याचे धरण उशाशी, शहराला पाणी नेणारा कालवा याच पट्ट्यातून जाणारा, आणि या गावांतील कित्येकांच्या नळास शुद्धीकरण न झालेले पाणी! विहीर गावाची होती तोवर तिच्यावर गावाची नजर होती. ती नजर गेली, आणि महापालिकेची नजर तेथवर पोहोचावयाची होती.

शहरात गेलेल्या गावाचे असेच व्हावयाचे, असे कोणी म्हणेल, तर जर्मनीतील एक दाखला सांगतो. १ ऑक्टोबर १९२० रोजी बर्लिन शहरात सात नगरे, ५९ खेडी व २७ जहागिरी एकदम सामील करण्यात आल्या. त्यांतील ल्यूबार्स हे उत्तर सीमेवरील खेडे शंभर वर्षांनंतरही खेडेच दिसते. गावचौक, चर्च, शेतकऱ्यांची घरे आणि मागे शेते. सामीलीकरणाने शेत नष्ट होतेच असे नाही, एवढे यावरून ठरते. तेथील शिवार गुंठ्यागुंठ्याने फुटले नाही.

म्हणून ज्यांची गावे अद्याप हद्दीबाहेर परंतु शहराच्या वाटेवर आहेत, त्या सभासदांनी एक काम याच उन्हाळ्यात उरकावे. भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्यावी. तीत तुटक दुहेरी रेघांनी गाडीरस्ता व एकेरी रेघेने पायवाट दाखविलेली असते; ओढे-नालेही असतात. नकाशा हाती घेऊन चार जाणत्या माणसांसह शिव फिरावी, कोणता रस्ता बुजला, कोणता ओढा अरुंद झाला, ते टिपावे, आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा. बांधावरून वाट मिळविण्यास जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, आणि शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णयही २०२५ साली झाला आहे. जमीन विकणे न विकणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर व अडचणीवर आहे. मुलीचे लग्न आणि आजारपण कोणास चुकले आहे? पण पहिला गुंठा विकण्यापूर्वी रस्ता कागदावर असावा. शेवटचा गुंठा विकून झाल्यावर तो मागावयास गेलेले लोक माझ्या टेबलासमोर पुष्कळ वेळा उभे राहिले, आणि त्यांना देण्यासारखे माझ्या दप्तरात काही नसे.