गाणारा उंदीर, ऐकणारा पतंग

कोस्टा रिका आणि पनामाच्या डोंगरांत, ढगांनी भिजलेल्या जंगलात एक तपकिरी उंदीर दिवसाढवळ्या मागच्या पायांवर उभा राहतो, मान मागे टाकतो आणि तोंड उघडून गातो. हा आल्स्टनचा गाणारा उंदीर. वजन दहा-बारा ग्रॅम, आहार मुख्यतः किड्यांचा. एका गाण्यात शंभराच्या आसपास सूर असतात. माणसाला त्यातला काही भागच ऐकू येतो, तोही एखाद्या किड्याच्या किरकिरीसारखा.

खरी गंमत सवाल-जवाबात आहे. समोरचा नर गाऊ लागला की दुसरा थांबतो. त्याचं संपलं की अर्ध्या सेकंदाच्या आत स्वतः सुरू होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मायकेल लाँग यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं, की ही वेळ साधण्याचं काम मेंदूच्या बाह्यपटलातला एक छोटा भाग करतो. तो भाग थंड केला की गाणं लांबत जातं. जास्त उंचीवर या उंदराचा मोठा, दांडगा नातलग राहतो. त्याचा आवाज कानी पडला, की आपला गायक गप्प बसतो. कधी गायचं नाही, हेही त्याला कळतं.

आता मोठा मेणपतंग. जगभरातल्या मधपाळांचा हा जुना शत्रू, कारण त्याच्या अळ्या पोळ्याचं मेण पोखरतात. प्रौढ पतंग मात्र काहीच खात नाही. थोडक्या आयुष्यात त्याला फक्त जोडीदार गाठायचा असतो. त्यासाठी नर पंखांच्या मुळाशी असलेल्या खवल्यासारख्या अवयवांतून श्राव्यातीत ध्वनीचे ठोके सोडतो. माणसाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. मादी पंख फडफडवून उत्तर देते.

पण त्याच अंधारात वटवाघळंही शिकारीसाठी तसेच आवाज काढत फिरतात. म्हणून या पतंगाला कान हवेतच, आणि ते आहेत पोटाच्या पुढच्या टोकाला. प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी अवघ्या चार! तरीही 2013 मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा हे कान 300 किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाला प्रतिसाद देत होते. माणसाची मर्यादा सुमारे 20. आजवर माहीत असलेलं कोणतंही वटवाघूळ इतक्या वरच्या पट्टीत ओरडत नाही. एवढी तीक्ष्णता आपसातले बारीक, झटपट ठोके वेगळे ओळखण्यासाठी उपयोगी पडत असावी, असं या संशोधकांना वाटतं.