उतारावरील अंगणाच्या पायऱ्या

कोकणात जांभ्या चिऱ्यांच्या पाखाड्या पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेल्या. तरीही घराभोवतीच्या उतारावर फरसबंदीच्या पायऱ्या घालताना गवंडी पुष्कळदा अदमासानेच काम उरकतो, आणि असमान उंचीची एकच पायरी पुढे वृद्धांच्या पायाला दगा देते. म्हणून प्रथम पाणसळीने उताराची एकूण उंची निश्चित करावी. सतराव्या शतकातील फ्रेंच स्थापत्यशास्त्री फ्रांस्वा ब्लाँदेल याने मानवी पावलाच्या स्वाभाविक टप्प्यावरून जे प्रमाण बसविले, ते आजही ग्राह्य आहे : पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज सुमारे ६५ सें.मी. भरावी. उतार १५० सें.मी. असेल, तर १५ सें.मी. उंचीचे दहा चढ होतात. दहावा चढ वरच्या अंगणालाच मिळत असल्याने ३५ सें.मी. रुंदीच्या नऊ पायऱ्यांना ३१५ सें.मी. लांबी पुरते.

काम नेहमी खालून वर न्यावे. सर्वांत खालचा थर जमिनीत पुरता गाडलेला, खाली खडी-मुरमाचा धुमसाने ठोकलेला पाया असलेला हवा, कारण साऱ्या जिन्याचा रेटा त्याच्यावरच येतो. वरच्या पायरीची पुढची कड खालच्या पायरीच्या मागील भागावर टेकवावी, म्हणजे मधली माती वाहून जाणार नाही. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूस पाऊण सें.मी. ढाळ द्यावा, अन्यथा पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरते. गुळगुळीत फरशी मात्र येथे सर्वथा वर्ज्य. खडबडीत पृष्ठाचाच दगड घ्यावा.